घरे थोडी, गरजू फार : अग्रक्रम कोणास?

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात गृहसमितीच्या वतीने केलेले भाषण)



गुणी विद्यार्थ्यांचा गौरव, वधूवर-सूचक मंडळाचा अहवाल आणि शिष्यवृत्ती-निधीचा हिशेब हे विषय आपण दरवर्षी मोठ्या आस्थेने ऐकता. आज आम्हांस जो विषय मांडावयाचा आहे तो तितका प्रसन्न नाही. गिरगावातील आपल्या जुन्या वाडीची पुनर्बांधणी व्हावयाची आहे. सध्या तेथे राहणारी बिऱ्हाडे पुन्हा वसविल्यावर थोड्या जागा संघाच्या हाती उरतील, आणि त्या माफक भाड्याने गरजू कुटुंबांस द्याव्यात असे विश्वस्तांनी ठरविले आहे. जागा बोटांवर मोजण्याइतक्या. मागणारी कुटुंबे त्यांच्या कितीतरी पट. आधी कोणास द्यावयाचे, आणि 'थांबा' म्हणावयाचे ते कोणास व कोणत्या कारणाने, हा प्रश्न गृहसमितीपुढे उभा आहे. निर्णय सभेचा आहे. आम्ही केवळ आमचा विचार आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हा प्रश्न मुंबईस नवा नाही. १८९६ साली शहरात प्लेग शिरला, तेव्हा दाटीवाटीची वस्ती किती घातक असते हे सरकारच्या ध्यानी आले आणि १८९८ मध्ये सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. पुढे १९२० साली निघालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. बीडीडी चाळी म्हणून आपण त्यांस ओळखतो. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. पण प्रारंभीच्या काळात त्यांतील कित्येक खोल्या रिकाम्याच पडून होत्या. घरांची एवढी टंचाई, आणि बांधलेली घरे ओस! गरजूच्या मिळकतीचा आणि त्याच्या कामाच्या ठिकाणाचा विचार न करता घर बांधले, तर ते गरजूच्या उपयोगी पडत नाही, हा त्यातला पहिला धडा.

त्याच सुमारास गिरणगावात दुसरी एक व्यवस्था आपोआप रूढ झाली होती. कोकणातून बोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरलेला चाकरमानी थेट आपल्या गावाच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या खोलीत जाई. एका खोलीत कितीतरी माणसे असत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक पथारी. रात्रपाळी संपवून आलेला झोपे तेव्हा दिवसपाळीचा कामावर गेलेला असे. नव्याने आलेल्यास जागा नाकारीत नसत. सर्वजण थोडे सरकून बसत. ही रीत मोठ्या मनाची खरी. पण ती एकट्या पुरुषांपुरती होती. बायकामुलांचे बिऱ्हाड असे पाळीपाळीने झोपविता येत नाही, आणि म्हणूनच कुटुंबाच्या घराचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवावा लागतो.

तो कसा सोडवावा याचा एक आदर्श गावदेवी येथे आहे. कानडा प्रांतातून आलेल्या चित्रापूर सारस्वत मंडळींनी, रावबहादूर श्रीपाद सुब्राव तलमकी यांच्या पुढाकाराने, १९१५ साली सहकारी गृहसंस्था नोंदविली. देशातील आद्य सहकारी गृहसंस्थांत तिची गणना होते. सभासदांनी भांडवल जमवावे, इमारती संस्थेच्या मालकीच्या असाव्यात आणि सभासदांनी भाडेकरू या नात्याने त्यांत राहावे, अशी ती योजना. पुढे मुंबईत सहकारी गृहसंस्थांची जी परंपरा वाढली तिचे बीज येथे दिसते. तथापि भाग विकत घेण्याइतकी शिल्लक ज्याच्यापाशी आहे त्यालाच अशा संस्थेचे दार उघडे असते, ही या मार्गाची मर्यादा विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने दोन मार्ग धरले. पहिला, आहे त्यास संरक्षण. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १९४० च्या सुमाराची भाडी गोठविली आणि भाडेकरूस घराबाहेर काढणे अवघड केले. आपल्या वाडीतील कित्येक कुटुंबे त्या आधारावरच शहरात टिकून राहिली. पण आतला सुरक्षित झाला तसा बाहेरचा कायमचा बाहेर राहिला. आत शिरावयाचे तर पागडी मोजणे भाग पडू लागले. 'आधी आला तो आधी' हा नियम वरवर निःपक्षपाती दिसतो. प्रत्यक्षात तो उशिरा जन्मलेल्यास शिक्षा करतो.

दुसरा मार्ग, नवी घरे बांधून वाटण्याचा. गृहनिर्माण मंडळाची पुढे म्हाडा झाली, आणि म्हाडाची सोडत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. २०२४ साली मुंबईतील २,०३० घरांसाठी एक लाखाहून अधिक अर्ज पात्र ठरले होते. म्हणजे एका घरामागे किमान पन्नास कुटुंबे. त्यांतून अनुसूचित जातींस शेकडा अकरा, अनुसूचित जमातींस सहा, आणि स्वातंत्र्यसैनिक, अपंग, माजी सैनिक, पत्रकार, कलावंत, सरकारी नोकर, इतकेच काय पण आमदार-खासदार यांच्यासाठीही काही हिस्सा राखलेला असतो. उरलेल्यांचा निवाडा सोडत करते. सोडतीचा मोठा गुण असा की, तिच्यापुढे वशिला चालत नाही. शहरात आणि सरकारदरबारी कोणाशीही ओळख नसलेल्या माणसाला घर मिळते ते केवळ तिच्यामुळे. पण तिचा दोषही तितकाच मोठा आहे. २०२२ च्या दरांप्रमाणे मुंबई परिसरात सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाचे कुटुंब अत्यल्प गटात मोडते. पावणेसहा लाख मिळविणारे दोघांचे कुटुंब आणि दीड लाखात सात तोंडे पोसणारे कुटुंब यांच्या चिठ्ठ्या मग एकाच पेटीत पडतात. शिवाय नाव निघूनही कर्ज न मिळाल्याने घर सोडून देणारी कुटुंबे आढळतातच. नशिबाला गरज मोजता येत नाही.

गिरणी कामगारांची कहाणी आणखी उद्बोधक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले, आणि कामगारांस घरे मिळावीत हे तत्त्वतः मान्य झाले. त्यांतील ६,९२५ घरांची सोडत निघाली ती २०१२ साली. अर्ज होते सुमारे दीड लाख. पुढे २०२० मध्ये आणखी ३,८९४ घरांची सोडत निघाली. संपाच्या वेळी चाळिशीत असलेला कामगार पहिल्या सोडतीच्या वेळी सत्तरीत होता. कित्येकांच्या चिठ्ठ्या वारसांच्या नावे निघाल्या. अग्रक्रम कागदावर आहे, पण घर केव्हा मिळणार याची तारीख नाही, अशा अग्रक्रमाने माणसाचे आयुष्य निघून जाते.

बंधुभगिनींनो, एवढे मागे जाण्याचे कारण असे की, हक्क, पैसा, नशीब आणि गरज असे चार मापदंड या इतिहासातून स्पष्ट निघतात, आणि प्रत्येकाची जागा निराळी आहे. ती ओळखून गृहसमितीने पुढील नियम सुचविले आहेत.

पहिला नियम हक्काचा. जे आज वाडीत राहतात त्यांस घर देणे हा उपकार नव्हे. त्यांची गणना गरजूंच्या यादीत होणारच नाही. या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वाडीच्या मागील बाजूस पहारेकऱ्याचे आणि सफाई करणाऱ्या बाईंचे अशी दोन बिऱ्हाडे दोन पिढ्या राहत आहेत. ती आपल्या ज्ञातीची नाहीत आणि त्यांच्यापाशी भाडेपावतीही नाही. 'त्यांचा प्रश्न आपला नव्हे' असे काहींनी समितीस कळविले आहे. आमचे मत याहून निराळे आहे. ज्यांनी आपल्या दाराशी जागून आपली झोप राखली आणि आपले जिने झाडले, त्यांस पुनर्बांधणीच्या निमित्ताने रस्त्यावर काढून त्या जागी आपला माणूस बसविणे हा धर्म नव्हे. या दोन बिऱ्हाडांस नव्या इमारतीत जागा मिळाली पाहिजे.

दुसरा नियम अपात्रतेचा. मुंबई, ठाणे वा नवी मुंबई परिसरात पतीच्या किंवा पत्नीच्या नावे घर असेल, तर अर्ज घेतला जाणार नाही. घर भाड्याने देऊन येथे माफक भाड्यात राहण्यास कोणासही वाव असू नये.

तिसरा नियम गरजेचा, आणि हाच मुख्य. एका खोलीत किती माणसे राहतात. मिळकत किती तोंडांत वाटली जाते. घर सोडण्याची नोटीस आली आहे काय. घरात विधवा, परित्यक्ता, अपंग वा वृद्ध कोणी आहे काय. परळच्या रुग्णालयांत दीर्घ उपचारांसाठी वारंवार जावे लागते काय, या गोष्टी पाहून क्रम लावावा. विरार-बदलापूरहून रोज लोंबकळत येणाऱ्यांचे हाल आम्ही जाणतो. परंतु ते हाल आज आपल्या बहुसंख्य कुटुंबांचे आहेत, म्हणून केवळ अंतरावरून क्रम लावता येत नाही.

चौथा नियम नशिबाचा. गरज सारखी ठरली तरच, आणि तेवढ्यांपुरतीच, भर सभेत लहान मुलाच्या हातून चिठ्ठी उचलावी.

पाचवा नियम आमच्यासाठी. गृहसमितीच्या सभासदांनी वा त्यांच्या निकटच्या आप्तांनी अर्ज करू नये. करावयाचा असेल तर सभासदाने आधी समिती सोडावी. यादी, कारणे आणि क्रम फलकावर लागतील, आणि जागा ठरावीक मुदतीने दिली जाऊन मुदतीअंती परिस्थिती पुन्हा पाहिली जाईल.

या नियमांवर आक्षेप आले आहेत. दात्यांच्या काही घराण्यांचे म्हणणे असे की, 'वाडी आमच्या आजोबांच्या देणगीतून उभी राहिली, तेव्हा पहिला मान आमचा.' त्या थोर पुरुषांची नावे संगमरवरी पाटीवर आहेत आणि नव्या इमारतीतही ती दर्शनी भागीच लागतील. पण त्यांनी दिले ते विश्वस्तनिधीस दिले. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली आपण त्या निधीचे मालक नसून राखणदार आहोत. दानाच्या बदल्यात पुढची रांग मागितली, तर ते दान राहत नाही, तो सौदा होतो. दात्याचा नातू खरोखरच अडचणीत असेल तर त्याचा क्रम गरजेनेच वर लागेल.

दुसरा आक्षेप वर्गणीचा. सलग वर्गणी भरणाऱ्यास अग्रक्रम असावा हे ऐकण्यास न्याय्य वाटते. परंतु घरात आजारपण आले, नोकरी गेली, की पहिल्याने थकते ती संघाचीच वर्गणी. ज्याची वर्गणी थकली त्याचीच गरज पुष्कळदा अधिक असते.

तिसरा, तरुणांचा. घरावाचून लग्ने अडली आहेत, हे दुःख खरे आहे. परंतु मिळवते दांपत्य सोडतीत भाग घेऊ शकते, कर्ज काढू शकते. तीन मुले पदरी असलेल्या विधवेस ती वाट नाही. दोघांत एकास द्यावयाचे झाल्यास आम्ही विधवेस देऊ, आणि तरुणांनी आम्हांस तेवढे समजून घ्यावे.

चौथा, लेकींचा. ज्ञातीबाहेर लग्न केलेली मुलगी संसार मोडून माहेरी परतली तर ती आपली की परकी, असा प्रश्न आला. लेक ती लेकच. तिचा अर्ज इतरांच्या बरोबरीनेच घेतला जाईल.

काही सुशिक्षित तरुणांनी याच्या उलट टोकाने विचारले आहे की, आजच्या काळात ज्ञातीपुरती घरे असावीतच कशाला? कायद्याचे उत्तर उपलब्ध आहे. अहमदाबादच्या पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा पोटनियम वैध ठरविला. पण कायद्याने मुभा दिली म्हणून कर्तव्य संपत नाही. सरकारी घरांच्या वाटपात कोणाचीही जात आड येऊ नये, हाच आपला नागरिक म्हणून आग्रह असला पाहिजे. आपल्या पूर्वजांचा निधी विश्वस्तलेखाने ज्यांच्यासाठी ठेवला त्यांतील सर्वांत गांजलेल्यापर्यंत तो पोहोचविणे हे विश्वस्त म्हणून आपले काम. आपल्या गरजूंचा भार आपण थोडा जरी उचलला, तरी सार्वजनिक रांगेतला तेवढा एक माणूस कमी होतो.

शेवटी एक विनंती. आमच्या अनुभवास असे येते की, जे अतिशय अडचणीत आहेत ते संमेलनास येत नाहीत. बसावयास नीट साडी नाही, कोणी 'सध्या कोठे राहता?' असे विचारील ही धास्ती, हातात देण्यास वर्गणी नाही. मग ते घरीच राहतात आणि त्यांचा अर्जही येत नाही. अर्जांचा गठ्ठा म्हणजे गरजूंची यादी नव्हे, हे समिती जाणते. म्हणून सभासद स्वतः घरोघर जाऊन पाहणी करणार आहेत. परंतु कोणाच्या घरी जावयाचे हे आपण सांगितले पाहिजे. आपल्या आप्तेष्टांत, शेजारात, गावाकडच्या ओळखीत असे एखादे कुटुंब असेल, तर त्याचे नाव गुप्तपणे आम्हांस कळवावे. आपणांस जागा मिळाली नाही तरी चालेल, पण आपण सुचविलेल्या कुटुंबास मिळावी, असे पत्र ज्या दिवशी संघाकडे येईल, त्या दिवशी या वाडीचा पाया खऱ्या अर्थाने पक्का झाला असे आम्ही मानू.

हे नियम सभेच्या मान्यतेसाठी अध्यक्षांच्या हाती देऊन आम्ही आपली रजा घेतो.