नाताळचें शुभेच्छापत्र आणि कुटुंबाचें छायाचित्र

नाताळच्या शुभेच्छापत्रावर कुटुंबाचें चित्र असावें, ही कल्पना त्या पत्राइतकीच जुनी आहे. पहिलें विक्रीचें शुभेच्छापत्र मानलें जातें तें १८४३ सालीं लंडनमध्यें हेन्री कोल यांनीं जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून करवून घेतलें. त्यावर तीन पिढ्यांचें कुटुंब मेजाभोंवतीं बसून, हातीं पेले घेऊन, पत्र मिळणाराचें अभीष्ट चिंतीत आहे. पुढें १९०३ सालीं कोडॅक कंपनीनें पोस्टकार्डाएवढें चित्र घेणारा घडीचा कॅमेरा काढला आणि घरोघरचीं माणसें स्वतःच कार्डावर आलीं.

मात्र सर्वांस ओळीनें उभें केलें कीं चेहरे ताठ होतात; हातांस काम दिलें कीं ते आपोआप सैलावतात. आई केकचें पीठ कालवीत आहे, मुलें नाताळच्या झाडास तारा बांधीत आहेत, आजोबा चष्मा सांवरून पाकिटांवर पत्ते लिहीत आहेत, अशा वेळीं खिडकीच्या बाजूनें येणाऱ्या उजेडांत चित्र घ्यावें.

घरांतील एखादें माणूस दूरदेशीं असेल, तर त्याची खुर्ची जागच्या जागीं ठेवून तिच्यापुढें त्याचा नेहमींचा पेला मांडावा. तें पत्र त्याच्या हातीं पडेल, तेव्हां आपली जागा कोणीं घेतलेली नाहीं, हें त्यास निराळें लिहून कळवावें लागणार नाहीं.