वजाबाकीचा पहिला धडा : वस्तूंकडून अंकांकडे



बेचाळीसातून सतरा वजा करावयास सांगितले असता अनेक मुले पस्तीस असे उत्तर लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातूनच दोन वजा करतात. हा निष्काळजीपणा नव्हे. संख्येचा अर्थ मनात ठसण्यापूर्वीच अंकांची मांडणी शिकविल्याचा तो परिणाम होय.

यावरील उपाय या भागाला नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. आज पालघर जिल्ह्यात असलेली ही गावे त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होती. महागड्या साधनांवाचून, परिसरातील पाने, बिया व शिंपल्यांच्या आधारे बालशिक्षण होऊ शकते, हे तेथे सिद्ध झाले.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरात अशा वस्तूंची वाण नाही. उल्हासनगरात शिवणकाम करणाऱ्या घरी गुंड्या मिळतात, बदलापूरला हंगामात जांभळाच्या बिया मिळतात आणि झाडूचे हीर तर घरोघरी असतात. निर्वासित सिंधी बांधवांच्या छावणीतून १९४९ साली आकारास आलेल्या उल्हासनगरात सिंधी, मराठी व हिंदी बोलणारी मुले शेजारी शेजारी राहतात. शब्द निराळे असले तरी मुठीतील सात गुंड्या सर्वांना सातच दिसतात.

तीन प्रसंग

वजाबाकी म्हणजे केवळ काढून घेणे नव्हे. सात गुंड्यांतून तीन काढल्या, चार उरल्या, हा पहिला प्रसंग. एकीजवळ सात बिया व दुसरीजवळ चार. जोड्या लावल्या असता तीन बिया जोडीवाचून राहतात, हा तुलनेचा दुसरा प्रसंग. दहा वाट्या हव्यात, सहा आहेत, आणखी किती आणाव्यात, हा तिसरा. पहिलाच प्रसंग शिकलेले मूल ‘किती जास्त?’ या प्रश्नापाशी अडते. म्हणून तिन्ही प्रसंग प्रथम हाताने, मग तोंडी व शेवटी पाटीवर यावेत.

त्यानंतर दहा-दहा हिरांच्या जुड्या बांधाव्यात. बेचाळीस म्हणजे चार जुड्या व दोन सुटे हीर. त्यांतून सात सुटे काढता येत नाहीत. म्हणून एक जुडी सोडावी. आता तीन जुड्या व बारा सुटे झाले. सात सुटे व एक जुडी काढली की पंचवीस उरतात. ‘हातचा’ कोठून आला, हे मुलाने स्वतःच्या हाताने पाहिलेले असते.

मराठी भाषाही येथे साह्य करते. एकोणीस म्हणजे विसास एक उणा, एकोणतीस म्हणजे तिसास एक उणा. वीस हिरांतून एक काढून हे दाखविल्यास मुलांना शब्दाचा अर्थ उमगतो.

२०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने पायाभूत संख्याज्ञानास अग्रक्रम दिला आहे. त्याची सुरुवात अंगणवाडीतील एका डब्यापासून होऊ शकते. मात्र लहान बालके बिया वा गुंड्या तोंडात घालतात. त्यांच्यासाठी वाट्या व चमचेच वापरावेत. तालुक्यातील ग्रामपंचायतींनी शाळेस भेट देताना पाठ केलेले पाढे ऐकावेतच, परंतु एखाद्या मुलापुढे मूठभर हीर ठेवून ‘यांतून पाच काढ, किती उरले?’ असेही विचारावे. त्या उत्तरावरून शिक्षणाची खरी स्थिती कळेल.