शिक्षा प्रशिक्षकाच्या मर्जीवर नको

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय थोडा दूरच्या मुलखातला आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन संघातला एखादा खेळाडू दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, तर संघाने त्याला काय शिक्षा करावी? न्यायालय काय करायचे ते करील. मी बोलतो आहे ते संघाबद्दल. आपल्याकडची हजारो मुलेमुली दरवर्षी तिकडच्या विद्यापीठांत शिकायला जातात. त्या मैदानांच्या आसपास राहतात, त्याच रस्त्यांवरून रात्री घरी परततात. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

मी तिकडे एका विद्यापीठात काही वर्षे गणित शिकवले. वर्गात खेळाडू असायचे. सत्राच्या मध्यावर ते एक छापील कागद घेऊन यायचे. हजेरी किती, गृहपाठ दिला का, सध्या श्रेणी काय, हे भरून मी सही करायची. कधी क्रीडा विभागाचा माणूस वर्गाच्या दारातून डोकावून मुले आली आहेत ना, ते पाहून जायचा. पहाटे व्यायाम, मग वजन, न्याहारी, वर्ग, दुपारी सराव, रात्री अभ्यासिका. मुलाचा आठवडा असा तासातासाने बांधलेला. एवढे लक्ष आईवडिलांनाही ठेवता येत नाही. मात्र शनिवारचा सामना संपला, की त्या रात्रीचा हिशेब कोणी ठेवत नसे.

तिकडचे महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे आपले आंतरमहाविद्यालयीन सामने नव्हेत. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ७ हजारांहून अधिक माणसे बसतात. जॉर्जिया विद्यापीठाच्या प्रशिक्षकाचा २०२४ मधला करार वर्षाला सरासरी १ कोटी ३० लाख डॉलरचा होता. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेण्याची मुभा मिळाली आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ लागली. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या हाती पैसा आला, दारात मोठी गाडी आली.

त्यात दारूचा कायदा. १९८४ च्या केंद्रीय कायद्यामुळे तिथे सर्व राज्यांत मद्य विकत घेण्याचे वय २१ झाले. त्यामुळे वीस वर्षांचा मुलगा चारचौघांत बसून पीत नाही, कोणाच्या तरी घरी लपून पितो. गाव लहान, रात्री बस नाही. गाडी आणलेली असते, ती घेऊनच परतायचे असते. बहुतेक राज्यांत १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. आपल्याकडे ती ३० आहे. २१ वर्षांखालच्यांसाठी तिकडेही ती जवळजवळ शून्यावर आणलेली आहे. तरीही २०२३ या एका वर्षात मद्यधुंद चालकांच्या अपघातांत अमेरिकेत १२ हजारांहून अधिक माणसे दगावली.

आता संघ काय करतो ते पाहू. महाविद्यालयीन खेळांची जी राष्ट्रीय संघटना आहे, ती आठवड्याला सराव किती तास घ्यायचा हेही ठरवून देते. तिच्या चाचणीत गांजा सापडला, तर २०१४ पासून काही वर्षे अर्ध्या हंगामाची बंदी होती. त्याआधी ती पूर्ण हंगामाची होती. पुढे २०२४ मध्ये वरच्या गटासाठी गांजा बंदीच्या यादीतूनच निघाला. दारू पिऊन गाडी चालवली तर मात्र तिच्याकडे ठरलेली शिक्षा नाही. तो निर्णय विद्यापीठाचा. काही विद्यापीठांत लिहिलेला नियम आहे. अनेक ठिकाणी निर्णय फिरून फिरून येतो तो प्रशिक्षकाकडे. आणि प्रशिक्षकाची नोकरी शनिवारच्या निकालावर अवलंबून! ज्याची भाकरी आरोपीच्या खेळावर भाजली जाते, त्यालाच आपण न्यायासनावर बसवतो.

मग काय होते? मार्चमध्ये अटक झाली, की 'अनिश्चित काळासाठी निलंबित' अशी बातमी येते. ऐकायला कडक वाटते. पण त्या दिवसांत सामने नसतात. ऑगस्टच्या शेवटी हंगाम सुरू होईपर्यंत तो अनिश्चित काळ बरोबर संपलेला असतो. किंवा मुलाला पहाटे मैदानाच्या पायऱ्या पळायला लावतात. किंवा एका दुबळ्या संघाविरुद्धच्या सामन्यात बाहेर बसवतात. राखीव खेळाडूच्या हातून तोच गुन्हा झाला तर मात्र शिस्तीचा आदर्श म्हणून त्याला संघाबाहेर काढता येते. त्याच्यावाचून काही अडत नसते.

श्रोतेहो, या ढिलाईची किंमत कोण मोजते, ते तीन घटनांमधून सांगतो.

पहिली घटना वायोमिंग राज्यातली. १६ सप्टेंबर २००१ ची पहाट. लॅरामी गावाजवळच्या महामार्गावर वायोमिंग विद्यापीठाच्या आठ धावपटूंच्या गाडीला समोरून येणाऱ्या मोठ्या पिकअप ट्रकने धडक दिली. आठही मुले गेली. ट्रक चालवणारा एकवीस वर्षांचा मुलगा दारू प्यायलेला होता. तोही त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी, तिथल्या रोडिओ संघातला खेळाडू. त्याला १४ ते २० वर्षांची शिक्षा झाली.

दुसरी घटना जॉश ब्रेंट आणि जेरी ब्राऊन यांची. इलिनॉय विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले हे दोघे मित्र. विद्यापीठात असतानाच, २००९ मध्ये, ब्रेंट मद्यपान करून गाडी चालवताना पकडला गेला. न्यायालयाने तुरुंग आणि देखरेख दोन्ही दिले. पुढे दोघेही डॅलसच्या व्यावसायिक संघात पोचले. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रेंटने रात्री पुन्हा तशीच गाडी चालवली. गाडी उलटली. शेजारी बसलेला ब्राऊन मेला. त्याच्या आईने ब्रेंटला क्षमा केली, खटल्यातही ती त्याच्या बाजूने बोलली. त्या माउलीचे मन मोठे. पण पहिल्या आणि दुसऱ्या वेळेमध्ये जवळपास चार वर्षे गेली होती, हे विसरून चालणार नाही.

तिसरी घटना जॉर्जियाची. जानेवारी २०२३ मध्ये संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. विजयाच्या मिरवणुकीनंतर काही तासांत, १५ तारखेच्या पहाटे, डेव्हिन विलॉक हा वीस वर्षांचा खेळाडू गाडीच्या अपघातात गेला. गाडी चालवणारी तरुणी संघाचीच कर्मचारी होती. तीही गेली. गाडी क्रीडा विभागाने भाड्याने घेतलेली. पोलिसांच्या तपासात वेग ताशी १६५ किलोमीटरच्या पुढे निघाला आणि रक्तातले मद्य मर्यादेच्या जवळजवळ अडीचपट. दुसऱ्या एका खेळाडूच्या गाडीशी शर्यत चालली होती, असेही तपासात पुढे आले.

या तिन्ही घटनांत मेलेली मुले कोण होती? त्याच विद्यापीठातली, त्याच संघातली, त्याच गाडीतली. खेळाडूला बाहेर बसवले तर संघाचे नुकसान होते, असे प्रशिक्षक सांगतात. मी म्हणतो, एका सामन्यात तो नसला तर गुण जातील. पण त्याच्या गाडीत बसतात ते त्याच्याच संघातले सोबती. त्याला रोखणे हे आधी संघाच्याच हिताचे आहे.

तर मग शिक्षा कशी असावी? माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की ती आधी ठरलेली असावी आणि ती चुकवता येऊ नये. ती किती कडक, हा प्रश्न त्यानंतरचा.

हंगामाच्या पहिल्या दिवशी खेळाडूने नियम वाचून सही करावी. पालकांनाही तो कळवावा. निर्णय क्रीडा विभागाबाहेरच्या समितीने घ्यावा, तिथे प्रशिक्षकाला मत नसावे. त्याला शिक्षा वाढवायची असेल तर त्याने खुशाल वाढवावी, कमी करण्याचा अधिकार मात्र त्याला देऊ नये. शिक्षा आठवड्यांत न मोजता सामन्यांत मोजावी. बारा सामन्यांच्या हंगामात पहिल्या गुन्ह्याला तीन सामने, असे माझे माप आहे. हंगाम संपत आला असेल तर उरलेले सामने पुढच्या हंगामात मोजावेत. अंतिम सामना आला म्हणून सूट नाही. ज्या मुलाचा जीव शनिवारच्या खेळात अडकला आहे, त्याला दंडाच्या पावतीपेक्षा तीन शनिवार बाकावर बसणे जास्त कळते.

तुम्ही म्हणाल, पहिल्याच वेळी संघातून काढून का टाकू नये? कोणाला इजा झालेली नसेल, तर काढू नये. काढलेला मुलगा कुठे जातो? आता तिकडे खेळाडूला विद्यापीठ बदलणे फार सोपे झाले आहे. तो दुसऱ्या गावी जातो, नव्या संघात कोरी पाटी घेऊन उभा राहतो. त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसे मात्र मागेच राहतात. म्हणून सराव चालू राहावा, अभ्यास चालू राहावा, शिष्यवृत्ती चालू राहावी. गरीब घरच्या मुलाचे शिक्षणच बंद पाडणारी शिक्षा आणि पैसेवाल्याला फक्त टोचणारी शिक्षा, यांत न्याय नाही. त्याबरोबर दारूच्या सवयीची तज्ज्ञाकडून तपासणी आणि समुपदेशन सक्तीचे असावे आणि ठरावीक काळ गाडीची चावी संघाकडे जमा असावी. दुसऱ्यांदा तेच घडले किंवा कोणाला इजा झाली, तर मात्र संघाचे दार बंद, आणि पुढच्या विद्यापीठाला ते लेखी कळवायचे.

काही जण म्हणतात, अटक म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. खरे आहे. मार्च २०२४ मध्ये जॉर्जियाच्याच एका आघाडीच्या खेळाडूला या आरोपाखाली अटक झाली. पुढे न्यायालयात तो आरोप मागे पडून बेदरकार वाहन चालवण्यावर निभावले. तरी संघाने त्याला ऑगस्टमधल्या पहिल्या सामन्यात, क्लेमसनसारख्या नावाजलेल्या संघाविरुद्ध, बाहेर ठेवले. जॉर्जियाने तो सामना ३४-३ असा जिंकला. एक सामना माझ्या मते कमी आहे, पण दिशा बरोबर आहे. न्यायालय स्वातंत्र्य हिरावून घेते, म्हणून त्याला कडक पुरावा लागतो. संघाचा गणवेश हा मान आहे, तो कोणाचा हक्क नाही. समितीने मुलाचे म्हणणे ऐकावे, श्वासचाचणीचा आकडा पाहावा आणि दोन आठवड्यांत निकाल द्यावा.

दुसरा आक्षेप वयाचा. 'पोरवय आहे, चुकतात पोरे.' इथे आपल्याला पुणे आठवल्याशिवाय राहत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, आणि अल्पवयीन चालकाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. लोक चिडले ते केवळ वयाच्या सवलतीवर नव्हे. वजनदार घरच्या मुलासाठी सगळी यंत्रणा वाकते, हा संशय त्यामागे होता. तिकडच्या गावातही नावाजलेल्या खेळाडूबद्दल लोकांना हाच संशय असतो. तो दूर करायचा तर नियम आधी लिहिलेला हवा आणि आघाडीच्या खेळाडूला व बाकावरच्याला एकच हवा.

तो प्रशिक्षकालाही लागू हवा. मिसूरी विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक गॅरी पिंकेल यांना नोव्हेंबर २०११ मध्ये याच गुन्ह्यात अटक झाली. त्यांनी गुन्हा कबूल केला. विद्यापीठाने त्यांना एका सामन्यापासून दूर ठेवले आणि एकूण ३ लाख डॉलरहून अधिक रकमेचा फटका त्यांना बसला. वरचा माणूस सुटला नाही, हे मुलांनी पाहिले. शिस्तीचा तो धडा फळ्यावर लिहून देता आला नसता.

शेवटची गोष्ट शिक्षेइतकीच महत्त्वाची आहे. रात्री दोन वाजता प्यायलेल्या मुलाने संघाच्या माणसाला फोन करून 'मला न्यायला या' म्हटले, तर त्याला त्याबद्दल शिक्षा होता कामा नये. तो एकवीसच्या आत असला तरीही. मित्राची चावी काढून घेणाऱ्या मुलालाही चहाडखोर ठरवू नये. फोन केला तर बोलणी बसतील, हे भय आणि गाडी चालवली तर कदाचित निभावेल, ही आशा, यांत मूल नेहमी आशाच निवडते. फोन करणे हा सर्वांत सोपा मार्ग करून ठेवायचा आणि गाडी चालवण्यातली ती आशा नियमाने संपवायची. संघाची शिस्त म्हणजे या दोन गोष्टी, असे मला वाटते.

ज्यांची मुले तिकडे शिकत आहेत, त्यांनी पुढच्या फोनवर अभ्यासाबरोबर एवढे जरूर विचारावे: शनिवारी रात्री तू घरी कोणाच्या गाडीतून येतोस, आणि ती गाडी चालवतो कोण?