समुद्राकाठची लॅमिनेट फरशी

दापोली तालुक्यातल्या मुरुडमध्ये माणसांच्या पायांबरोबर पुळणीची वाळूही घरात येते. सारवलेल्या जमिनीला तिचे काही वाटत नसे. लॅमिनेटच्या फरशीला मात्र ही वाळू म्हणजे काचकागदच.

स्वीडनमध्ये १९७७ साली तयार झालेली ही फरशी दिसते लाकडासारखी. पण आत असतो लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा, त्यावर छापील कागद आणि मेलामाइनचा पारदर्शक थर. सांध्यांतून पाणी शिरले की फळा फुगतो, कडा उचलतात आणि त्या पुन्हा पहिल्यासारख्या बसत नाहीत. म्हणून बादलीभर पाणी ओतून फरशी धुण्याची आपली सवय इथे फार महागात पडते.

आधी मऊ झाडूने वाळू काढावी. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. मेण, वाफेचे यंत्र, तारेची घासणी नकोच. आणि कोणत्याही फरशीसाठी अ‍ॅसिड व ब्लीच एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

मृग लागला की कोकणातली हवाच ओलसर होते. तेव्हा ओल्या छत्र्या पडवीतच ठेवा, दाराबाहेर आणि आत अशी दोन पायपुसणी घाला, आणि पाणी सांडलेच तर ते तेव्हाच टिपून घ्या.