शाळेची गच्ची आणि आपली गच्ची
(रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



पंचवीस वर्षांचा आढावा आधीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. बोअरवेल, लिफ्ट, कन्व्हेयन्स, सगळं येऊन गेलं. मला दिलेली दहा मिनिटं मी आपल्या मागच्या गल्लीतल्या शाळेच्या गच्चीला देणार आहे. तिथली बाग आपल्याच घरातली मुलं सांभाळताहेत आणि त्यांचं आपल्याकडे एक मागणं आहे.

सुरुवात झाली परवाच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. सातवी-आठवीचे वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर. पंखा लावला की गरमच वारा. मुलांनी तक्रार केली तेव्हा विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "कारण शोधा." कारण डोक्यावरच होतं. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता खालच्या खोलीत सोडत राहतो. वर वेलींचा मांडव असला तर ऊन स्लॅबपर्यंत पोचत नाही. शिवाय पानांतून पाण्याची वाफ होते, त्यात उष्णता खर्च होते. माठातलं पाणी गार होतं, त्यातलंच हे तत्त्व.

मग लगेच माती वर नेली का? नाही, आणि मला इथेच या मुलांचं कौतुक वाटतं. एका विद्यार्थ्याचे वडील इंजिनिअर आहेत. त्यांनी वर्गात येऊन वजनाचं गणित फळ्यावर मांडलं. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. अर्धा फूट जाडीचा ओल्या मातीचा थर चौरस मीटरला अडीचशे किलोंच्या वर जातो. म्हणजे शेतातली माती बादच! मुलांनी भाजीवाल्यांकडून जुने क्रेट आणले. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर रसवंतीतलं वाळलेलं चिपाड, मग पालापाचोळा, आणि वर थोडंसं कंपोस्ट. इंजिनिअरांनी आखून दिलं तसे क्रेट फक्त भिंतीच्या कडेनं आणि बीमच्या रेषेवर ठेवले. मधली गच्ची मोकळी. मेथी, पालक, वांगी, गवती चहा लावला आणि मांडवावर दोडका चढवला.

मंडळी, ही काही नवलाई नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवारा'तून हेच सांगितलं, की ज्ञान आपल्या दाराशी करून पाहावं.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जुलैमध्ये आठवीच्या वर्गात भिंतीला ओल आली. काही पालक म्हणाले, बाग काढा. मुख्याध्यापक बाईंनी आठ दिवसांची मुदत दिली. मुलांनी भर पावसात, बाईंना बरोबर घेऊन, पाणी कुठून कुठे जातं ते पाहिलं. कोपऱ्यातल्या पाइपच्या तोंडाशी पाला अडकला होता आणि तिथे पाणी तुंबत होतं. त्यांनी तोंड साफ केलं, जाळी बसवली, सगळे क्रेट विटांवर उचलून घेतले आणि पावसाळ्यात रोज जाळी बघायची पाळी लावली. ओल वाळली, बाग राहिली. आता एक हिशेब ऐका. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. पुण्याचा पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटर धरला तर हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सुमारे ६५ हजार लिटर पाणी येतं. बाग असो वा नसो, ते पाणी येणारच. त्याला वाट हवी.

माझा संबंध आला तो वह्यांमुळे. बँकेतले आजोबा म्हणून मुलं माझ्याकडे आली. त्यांना मी जमा-नावे शिकवलं. पाला किती पोती आला, पाणी किती बादल्या गेलं, भाजी किती किलो निघाली आणि कोणाची पाळी चुकली. एकीनं विचारलं, "आजोबा, चुकलेली पाळी नावे बाजूला का?" म्हटलं, "हो गं, आणि तिच्यावर व्याजही चढतं. झाड वाळतं." बाग म्हणजे आरडी आहे, बरं का. हप्ता लहान असतो, पण चुकवून चालत नाही.

तीसचाळीस क्रेटनं पुण्याचं तापमान उतरणार नाही, हे मुलांनाही कळतं. पण वरचा वर्ग बसण्याजोगा झाला. जो पाला कोपऱ्यात जाळला जायचा, तो आता क्रेटमध्ये जातो. घनकचरा नियमांनुसार कचरा उघड्यावर जाळायला मनाईच आहे. आणि ओला कचरा डेपोत हवेविना कुजला की मिथेन निघतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. तो कचरा घराजवळच हवेशीर कुजवला, तर हे बरंचसं टळतं.

आता मुलांचं मागणं. मे महिन्यात शाळा बंद असते, मुलं गावाला जातात. गेल्या मेमध्ये शाळेच्या शिपाईमामांनी एकट्यानं पाणी घातलं, तरी निम्मी रोपं गेली. यंदा आपल्या सोसायटीनं महिनाभर पाळी घ्यावी. रोज दोघं, सकाळी अर्धा तास. दुसरं, आपल्या बदामाचा आणि गुलमोहराचा पाला घंटागाडीत न टाकता पोत्यांत भरून द्यावा.

तिसरी गोष्ट माझी स्वतःची. आपल्या गच्चीवर बाग हा विषय दोन सर्वसाधारण सभांत गळतीच्या भीतीनं मागे पडला. वरच्या मजल्यावरच्या सभासदांची भीती रास्त आहे, छत त्यांचं गळणार. पण आदर्श उपविधीप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आपलं ते यंदा आहेच. त्याच इंजिनिअरांना लेखी विचारू या की गच्ची किती वजन पेलेल आणि वॉटरप्रूफिंग कसं आहे. ते 'नाही' म्हणाले तर विषय संपला. 'हो' म्हणाले तर दहा क्रेटपासून सुरू करू, आणि वही मी लिहीन.

मे महिन्याच्या पाळीचा तक्ता खाली नोटीस बोर्डवर लावला आहे. पहिल्या तारखेला माझं नाव आहे. शेजारची जागा रिकामी आहे. जेवायला जाताना तेवढं बघून जा.