हात आवरला, बिस्कीट फुललं



आम्ही एका बचत गटाच्या बारा जणी. आज ताकातल्या बिस्किटांविषयी बोलणार आहोत. बिस्कीट म्हटलं की चहात बुडवायचं कडक बिस्कीट डोळ्यांपुढे येतं. हे तसं नाही. हे अमेरिकेच्या दक्षिण भागातलं, पावासारखं मऊ, पण यीस्ट न घालता फुगवलेलं. तिकडे ते गरमागरम फोडून लोण्याबरोबर खातात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ही बिस्किटं करू, असं गटातल्या सर्वांत लहान सुनेनं सुचवलं. लग्नाआधी ती बेकरीचं काम शिकली होती. ती परोपरीनं सांगत होती, "काकू, हे पीठ मळायचं नसतं." पण आम्ही जन्मभर कणीक मळलेल्या बायका. न मळता पीठ धरेल कसं? आम्ही परात ओढली, पीठ चांगलं तिंबलं आणि अर्धा तास झाकून ठेवलं. बिस्किटं झाली दगडासारखी. आलेल्या बायका हसल्या, गटाच्या पैशातलं लोणी वाया गेलं आणि बोल लागला त्या पोरीला. पुढच्या दोन बैठकांना ती आलीच नाही.

शेवटी आम्हीच तिच्या घरी गेलो. म्हटलं, "चूक आमच्या हातांची होती. आता तू सांग, आम्ही करतो."

तिनं समजावलं ते असं. गव्हाच्या पिठात चिवटपणा असतो. ओलं पीठ मळलं की तो वाढतो. पोळीला तो हवा, म्हणून ती न फाटता लाटता येते. बिस्किटाला तो नको. दुसरं म्हणजे, ताकाची आंबटाई सोड्याला लागली की लगेच बुडबुडे येतात. त्या बुडबुड्यांनीच बिस्कीट फुगतं. पीठ ठेवून दिलं तर तो जोर भाजण्याआधीच निघून जातो.

आता कृती सांगतो. मैदा 250 ग्रॅम, बेकिंग पावडर 2 छोटे चमचे, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा. हे एकत्र चाळा. 75 ग्रॅम गार, घट्ट लोणी त्यात बोटांच्या टोकांनी चुरा. तुरीच्या दाण्याएवढे तुकडे राहू द्या. भाजताना लोणी वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात.

आधी जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर पसरा, वर तिवई ठेवा, झाकण लावा आणि मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापवा. यासाठी कुकर घेऊ नका. कोरडा तापवला तर तो खराब होतो.

पातेलं तापलं की पिठात पाऊण कप गार, घट्ट ताक घाला. पाणी घातलेलं पातळ ताक चालत नाही. चमच्यानं फक्त गोळा होईपर्यंत हलवा. गोळा ओबडधोबड दिसला तरी चालेल. पिठी भुरभुरून हातानं थापा, तीन वेळा घडी घाला आणि बोटाच्या पेराएवढी जाडी ठेवा. वाटीच्या धारेनं सरळ खाली दाबून कापा. वाटी फिरवली तर कडा मिटतात आणि बिस्कीट वर येत नाही. तूप लावलेल्या ताटलीत एकमेकांना चिकटवून ठेवा. वीस ते पंचवीस मिनिटं भाजा. वरची बाजू पांढरी राहिली तर लोणी लावलेल्या तव्यावर मिनिटभर उलटी ठेवा.

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. बेकिंग पावडर येण्याआधी तिकडे बिस्किटाचं पीठ हलकं व्हावं म्हणून अर्धा-अर्धा तास दांडक्यानं कुटत. मोठ्या घरांत ते काम गुलाम बायकांच्या वाट्याला यायचं. ऐकून आम्ही गप्पच झालो. कांडण आणि दळण आपल्यालाही ठाऊक आहे.

त्या दिवशी बिस्किटं फुलली. दात नसलेल्या आमच्या एका सासूबाईंनी दोन खाल्ली आणि तिसरं पदरात बांधलं.

ही बिस्किटं त्याच दिवशी खावीत, दुसऱ्या दिवशी ती कोरडी पडतात. पुढे विकायचा विचार असेल तर आधी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या. आम्ही अजून विकत नाही, हात बसवतो आहोत. आता बैठकीत परातीपाशी ती सून बसते आणि आम्ही ताक हातात घेऊन ती कधी सांगते याची वाट पाहतो.

तुमच्या गटातही अशी एखादी धाकटी असेल. या वेळी परात तिच्याकडे द्या.