बांगड्या सोडवल्या का?

‘आयुष्य घडवणारी पुस्तकं’ असा विषय मला दिला गेला आहे. विषय सोपा वाटतो, पण त्यात एक मेख आहे. धुळ्याहून जळगावकडे निघालं की वाटेत जी एसटी स्टँडं लागतात, तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर सहज नजर टाका. गाईडं असतात, पंचांग असतं, पाककृती असतात आणि बाकीची जागा यशानं व्यापलेली असते. यशाच्या पायऱ्या, यशाचे नियम, यशस्वी माणसांच्या सवयी. मुखपृष्ठावर उगवता सूर्य किंवा डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला कोणीतरी. ही पुस्तकं वाचू नयेत असं मी म्हणणार नाही. मीही वाचली आहेत. थंडीत दोन काटक्या पेटवल्या तरी तळहात शेकतात. पण चार-पाच पुस्तकं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या डोंगरावरच्या माणसाला घर नसतं. आई नसते, बहीण नसते, किराणा दुकानातली उधारी नसते. तो एकटाच चढतो आणि एकटाच पोचतो. त्यामुळे जो पोचत नाही, तोही एकटाच गुन्हेगार ठरतो.

मला उभारी दिली ती वेगळ्या पुस्तकांनी. त्यांच्याबद्दल बोलतो.

माझा जन्म पारोळ्यातल्या पिंजाऱ्याच्या घरातला. अब्बा कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. पिंजणाची तात वाजली की घरभर पांढरं तूस उडायचं, ते भाकरीवरही बसायचं. घरात आम्ही खानदेशी हिंदी बोलायचो, गिऱ्हाइकांशी अहिराणी आणि शाळेत मराठी. तीन भाषा, पण पुस्तक एकही नाही. मोठ्या बहिणीनं, आपानं, सातवीनंतर शाळा सोडली आणि ती गाद्यांना टाके घालायला बसली. मी पुढं शिकलो. अमळनेरच्या प्रताप कॉलेजात बी.ए. झालो, त्या तीन वर्षांचा एसटीचा पास आणि फी त्या टाक्यांतून आली. ‘तुम्ही मुसलमान, मग मराठीत कविता कशा काय?’ असं मला अजूनही विचारलं जातं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला, आणि १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, असं सांगितलं की विचारणारा चहा मागवतो.

असो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं आत्मचरित्र इंग्रजीत १९९९ साली आलं आणि माधुरी शानभाग यांच्या अनुवादामुळे ‘अग्निपंख’ नावानं मराठी घराघरांत गेलं. त्या काळात शाळाशाळांच्या भिंतींवर कलामांची स्वप्नांबद्दलची वाक्यं रंगवली गेली. मी पुस्तक घरी आणलं आणि संध्याकाळी आपाला वाचून दाखवू लागलो. रामेश्वरमचे जैनुलाबदीन, त्यांची होडी, वर्तमानपत्रांचे गठ्ठे वाटणारा मुलगा, हे सगळं ती टाके घालता घालता ऐकत होती. मग ते पान आलं. कलामांना मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला, पण त्यासाठी हजारेक रुपये लागत होते आणि वडिलांकडे तेवढे नव्हते. तेव्हा बहीण जोहरा पुढं आली. तिनं आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. स्वतःच्या कमाईतून त्या बांगड्या सोडवायच्या, असा निश्चय कलामांनी केला.

आपाची सुई थांबली. तिनं विचारलं, ‘‘मग सोडवल्या का?’’

मी म्हणालो, निश्चय केला असं लिहिलंय. ती म्हणाली, ‘‘निश्चय ठीक आहे. बांगड्या सोडवल्या का ते बघ.’’ मी पुढची पानं चाळू लागलो. तेवढ्यात ती उठून चुलीकडे गेली होती.

त्या दिवसापासून माझी वाचण्याची रीत बदलली. कर्तृत्वाचं पुस्तक हातात आलं की मी आधी हे बघतो, की यात हिशेब मांडलाय का? कोणी किती दिलं, कोणाचं काय गहाण पडलं, हे लिहिणाऱ्यानं सांगितलंय का? कलामांनी सांगितलंय. म्हणून तर ते पुस्तक मोठं आहे. ज्यांनी ते फक्त अग्निबाणासाठी वाचलं, त्यांनी त्यातली जोहरा पाहिलीच नाही. अग्निबाण उडवणं आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येतं. जोहरा मात्र प्रत्येक गल्लीत असते.

आता आपल्या खानदेशातलंच उदाहरण घ्या. साक्री तालुक्यातलं सामोडे गाव. तिथल्या भिल्ल वस्तीत जन्मलेले डॉ. राजेंद्र भारूड. वडील जन्माआधीच गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. खायला काही आणायला पिणारे हातावर चार पैसे ठेवायचे, त्यातून हा मुलगा वह्या-पुस्तकं घ्यायचा, असं त्यांनीच सांगितलं आहे. पुढं नवोदय विद्यालय, मग मुंबईचं जी. एस. मेडिकल कॉलेज आणि २०१३ च्या तुकडीत आयएएस. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते आणि तिथल्या ऑक्सिजन प्रकल्पांची देशभर चर्चा झाली. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे त्यांचं पुस्तक. नावात स्वप्न आहे, पण पुस्तक उभं आहे ते आईच्या त्या धंद्यावर. तो लपवून ठेवणं किती सोपं होतं! दुसऱ्या कोणी ‘हलाखीची परिस्थिती’ एवढे दोन शब्द लिहून पुढं गेला असता. आमच्याकडच्या आश्रमशाळेतला पोरगा ते पुस्तक वाचतो तेव्हा त्याला कलेक्टरच्या खुर्चीइतकीच ती झोपडी ओळखीची वाटते. मला वाटतं, जास्तच ओळखीची वाटते.

नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ १९९३ साली आलं. मुलगा अर्थतज्ज्ञ, रिझर्व्ह बँकेत मोठ्या पदावर, पण पुस्तकाच्या नावात आधी बाप आहे आणि मग ‘आम्ही’. मुंबई बंदरात काबाडकष्ट करणाऱ्या त्या बापाला म्हातारपणी स्वतःच्या आठवणी लिहायला बसवलं गेलं आणि त्याच्या त्या वेड्यावाकड्या अक्षरांतून हे पुस्तक उभं राहिलं. ज्यानं खर्च केला, त्यालाच हिशेब लिहायला लावला. याहून चोख वही कोणती?

हे सगळं मी का सांगतोय? २०२३ सालच्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेला दहा लाखांवर अर्ज आले आणि निवड झाली १०१६ जणांची. उरलेल्यांचं काय? ते आळशी होते? त्यांना स्वप्नं पडली नव्हती? यशाची पायरी-पुस्तकं त्यांच्याशी बोलतच नाहीत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती पुस्तकं मुकी होतात. आणि नेमकी त्याच दिवशी पुस्तकाची गरज असते.

अशा दिवशी वाचण्यासारखं एक पुस्तक खानदेशानं दिलंय. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांनी पंचविशीत लिहिलेली ‘कोसला’. १९६३ साली ती आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, बापाचे पैसे घालवतो आणि हात हलवत गावी परततो. करिअरच्या दृष्टीनं बघाल तर शून्य. कोणत्याही मार्गदर्शन शिबिरात या पोराला उभं करणार नाहीत. पण या नापास पोराच्या गोष्टीनं महाराष्ट्रातल्या किती खेड्यांतल्या पोरांच्या हातात लेखणी दिली! मी कॉलेजात असताना ती वाचली आणि पहिल्यांदा असं वाटलं, की आपण घरी बोलतो तसं लिहिलं तरी ते साहित्य होऊ शकतं. माझी पहिली कविता पिंजणावर आहे. ती बरी की वाईट हे सोडून द्या, पण तोवर मी चंद्र आणि गुलमोहर यांच्यावरच लिहीत होतो. पारोळ्यातली मार्चची दुपार अंगावर घेत गुलमोहरावर लिहिणं, म्हणजे विचार करा. पुढं नेमाड्यांना २०१४ सालचा ज्ञानपीठ मिळाला, ती गोष्ट वेगळी. न मिळता तरी ‘कोसला’नं आपलं काम केलंच होतं.

अमळनेरचं नाव निघालं आणि साने गुरुजींचं नाही, असं कसं होईल? प्रताप हायस्कूलमध्ये ते १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून रोज एक दैनिक काढायचे. रोज! ज्यांनी एक वर्ष जरी शाळेचं हस्तलिखित काढलंय त्यांना विचारा, त्यात किती जीव जातो. पुढं १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते टिपून घ्यायचे. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती त्या टिपून घेण्यामुळे. त्यांनी ‘इस्लामी संस्कृती’ नावानं पैगंबरांचं चरित्रही लिहिलं, हे माझ्या बऱ्याच हिंदू मित्रांना आणि त्याहून जास्त मुसलमान मित्रांना माहीत नसतं. आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. लोक तिला रडवणारं पुस्तक म्हणतात. मला ती जमाखर्चाची वही वाटते. आईनं काय काय दिलं, ते एकेका रात्री आठवून मांडलेलं.

टिपून घेण्यावरून बहिणाबाई आठवतात. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या. जात्यावर आणि शेतात सुचलेलं त्या बोलायच्या आणि मुलगा सोपानदेव व घरातलं एक माणूस ते उतरवून घ्यायचे. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं कविता छापल्या गेल्या. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. हजारो मुलांच्या पदवीवर आता त्या बाईचं नाव आहे जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. त्या वहीतली अक्षरं सोपानदेवांची, शब्द आईचे. प्रतिभा कोणाची आणि पुस्तक कोणाचं, हा प्रश्न तिथं नीट सुटलेला आहे, कारण मुलानं मुखपृष्ठावर आईचं नाव ठेवलं.

आमच्या गावातल्या एका अभ्यासिकेत मी आठवड्यातून एकदा जातो. मुलं-मुली ठोकळे घेऊन बसलेली असतात. मध्यंतरी मी त्यांना म्हटलं, ज्यांना अधिकारी व्हायचंय त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी करायची, आतापर्यंत कोणाचं काय लागलं याची. मुलं हसली. मग लिहायला लागली. सायकल, मोबाइलचा रिचार्ज, मामांनी भरलेला परीक्षेचा फॉर्म. एका मुलीनं लिहिलं होतं, बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास, पुढं भावानं दिलेले पैसे, आणि खाली, आजीनं विकलेली म्हैस. म्हशीपुढं तिनं किंमत लिहिली होती आणि कंसात ‘दूध वेगळं’. तिला तलाठी व्हायचंय. यंदा ती दुसऱ्यांदा बसते आहे.

अभ्यासिकेच्या कपाटात आम्ही एक फळी अशा पुस्तकांसाठी मोकळी केली आहे. सध्या तिच्यावर बावीस पुस्तकं आहेत, त्यातली ‘श्यामची आई’ चार. आपाही कधीमधी येऊन बसते, तिला आता सावकाश का होईना, सलग वाचता येतं. तुमच्या ट्रंकेत, माळ्यावर अशी कोणी आत्मचरित्रं, आठवणी, पत्रं पडून असतील, तर जवळच्या वाचनालयाला देऊन टाका. पानं सुटलेली चालतील, आमच्याकडे सुई आहे. गाईडं मात्र देऊ नका, ती प्रत्येक वाचनालयात कपाटभर आहेत.